वहीतला माशीमार

थंडीत तळ्यावर येणारे दोन जातींचे माशीमार पक्षी दिसायला जुळे भाऊ. त्यातला दुर्मीळ ओळखायचा फक्त आवाजावरून. गेल्या वर्षी बाबांची नोंद पक्षिमंडळानं पुरावा नाही म्हणून परत पाठवली होती. आज पक्षी पानांआड शिरला, मी श्वास रोखून रेकॉर्डर धरला आणि हवा तोच किरकिरता आवाज आला. बाबांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात आमच्याबरोबर आलेले काका झाडामागून मोबाइल नाचवत आले. "मी त्याचाच आवाज लावला होता. म्हटलं, ऐकून बाहेर येईल." सगळं मुसळ केरात. रेकॉर्ड झालेला आवाज पक्ष्याचा की मोबाइलचा, कोण सांगणार? बाबांनी वहीत लिहिलं, 'माशीमार. कोणता, कळलं नाही.' टोपण लावलं. आम्ही निघालो. दहा पावलांवर मागून तोच आवाज आला. "मी नाही हं," काका खिशावर हात ठेवून म्हणाले. माझा रेकॉर्डर पिशवीत होता.