चार मात्रा गप्प

झांज पुन्हा वाजली.

वाजायला नको होती. पडद्यावरच्या बोकडाने आपल्या सुरावटीचा कागदच खाल्ला होता, त्यामुळे कुठे वाजवायचं हे त्याला कळत नव्हतं. झांजा उंच धरून तो चघळत उभा. हत्ती, बगळे, बेडूक, प्राण्यांचा सगळा वाद्यवृंद श्वास रोखून त्याच्याकडे पाहतोय. चार मात्रा सगळं गप्प. मग वाद्यवृंद चालवणाऱ्या पाणघोड्याची पँट घसरते. टीव्हीच्या त्या तासाभराच्या कार्टूनमधला सगळ्यात मोठा विनोद तो. चित्रं तयार होती, संगीत आज भरायचं होतं. आणि स्टुडिओत, चाळीस वादकांच्या मागच्या रांगेत, झांजवाल्याने नेमक्या त्या गप्प जागी झणकन वाजवून टाकली होती. दुसऱ्यांदा.

मास्तरांनी छडी स्टँडवर आपटली. "अहो, काय सांगितलंय तुम्हाला?"

"वाजवायची नाही."

"मग?"

"हात गेला, मास्तर."

बावीस वर्षं त्या हातांनी दुसरं काही केलंच नव्हतं. तासभर गप्प बसून मोजायचं आणि एकदाच वाजवायचं. व्हायोलिनवाला चुकला तर शेजारच्याच्या आवाजात लपतो. झांजवाला चुकला की रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळतं.

"तेवढा आवाज नंतर काढून टाका की," शेजारचा ढोलवाला म्हणाला.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने मान हलवली. "झांज सगळ्या माइकांत शिरते. तिला काढायचं तर तुम्हा सगळ्यांनाच काढावं लागेल."

दाराशी स्टुलावर चॅनेलचा कारकून बसला होता, मांडीवर वादकांची यादी. "मी काय म्हणतो, यांना बोलावलंच कशाला?" त्याने पेन झांजवाल्याकडे रोखलं. "बोकड वाजवतच नाही. ज्याचा आवाज नाही त्याचं नाव यादीत ठेवायचं नाही, आणि यादीत नाव नाही त्याला पुढच्या कार्यक्रमाला बोलवायचं नाही. वरून आदेश आहे."

हे तो झांजवाल्याच्या देखत बोलला. वरून आदेश आला की या लोकांना समोरचा माणूस दिसायचा बंद होतो.

"ऐकलंस लेका?" ढोलवाला कुजबुजला. "वाजवलीस तर मास्तर हाकलणार. नाही वाजवलीस तर हा खोडणार. इकडे आड, तिकडे विहीर."

"माहीत आहे."

"मग अर्धीच वाजव."

"अर्धी वाजत नाही ती."

तिसऱ्या वेळी मास्तरांनी झांजवाल्याला आधीच बाहेर पाठवलं. पॅसेजमध्ये पाण्याच्या पिंपाजवळ तो उभा राहिला. आत वाद्यं चढत गेली, थांबली, पुन्हा सुरू झाली. रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला. काचेपलीकडच्या खोलीतून कार्टूनची दिग्दर्शिका वादकांत आली. तो बोकड तिने दोन वर्षं काढला होता, खुरांसकट.

"ही शांतता नाहीये," ती म्हणाली. "ही मधली सुट्टी आहे."

मास्तर चिडले. "चार म्हणजे चार मात्रा थांबलोय आम्ही. मोजून."

"तेच ना. मोजून थांबलात."

पहिल्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्या बाईंनी गज मांडीवर ठेवला. "झांज उचललेली डोळ्याच्या कोपऱ्यात दिसली, की छातीत धस्स होतं हो. आता वाजणार, आता वाजणार. तिथे कोणी नसेल तर आम्ही नुसतेच थांबतो, बसस्टॉपवर थांबल्यासारखे."

दिग्दर्शिकेने स्वतः दार उघडलं. "काका, आत या. उचला, आणि वाजवू नका. बस्स, एवढंच."

एवढंच म्हणे.

"आता वाजली," मास्तर म्हणाले, "तर उद्यापासून त्या खुर्चीवर मी कोट टांगेन."

लाल दिवा लागला. वाद्यं चढू लागली. झांजवाल्याचे ओठ मोजत होते. ती जागा आली. तो उठला, दोन्ही झांजा डोक्यावर गेल्या.

एक. ढोलवाल्याने डोळे मिटले. दोन. झांजवाल्याच्या मनगटावरची शीर टरारून फुगली. तीन. चाळीस माणसांनी माना आत ओढून घेतल्या. मास्तरांची छडी हवेत आणि तोंड उघडं, थेट पाणघोडा. चार.

वाजली नाही.

काचेपलीकडे कोणीतरी खो खो हसलं. दिग्दर्शिका होती ती, तोंडावर दोन्ही हात दाबून. वाद्यं पुन्हा सुरू झाली, शेवटपर्यंत गेली, दिवा विझला. मग व्हायोलिनवाल्या बाईंनी गजाने स्टँडवर टकटक केलं. दुसऱ्याने केलं, तिसऱ्याने केलं. सगळी खोली टकटकू लागली. एरवी हा मान मोठ्या पाहुण्यांचा. झांजवाला मागे वळून पाहू लागला, कोण आलंय म्हणून.

आलं कोणीच नव्हतं. कारकून तेवढा यादी घेऊन येत होता.

"झकास, काका. म्हणजे आता तुमचा आवाज कुठेच नाही, बरोबर? मग नाव खोडतो मी."

सगळ्यांनी माना आपापल्या वाद्यांत घातल्या. मास्तर तर छडी पुसत बसले, एवढी जपून पुसण्यासारखी ती नसताना.

झांजवाल्याने झांजा अजून खाली ठेवल्या नव्हत्या. एक त्याने कारकुनाच्या उजव्या कानाजवळ नेली, एक डाव्या. मग दोन्ही हात लांब मागे ओढले.

कारकुनाने डोळे गच्च मिटले. खांदे कानापर्यंत गेले. पेन हातातून निसटलं.

एक. दोन. तीन. चार.

"ऐकू आली ना?" झांजवाला म्हणाला. "मग राहू द्या नाव."

कारकुनाने एकच डोळा उघडला. दुसरा उघडायची त्याची अजून छाती होत नव्हती.