प्रमिलाताईंची गाडी

सांगलीच्या क्लबात, ट्रॅकच्या खाचांमधून धावणाऱ्या मुठीएवढ्या गाड्यांमध्ये, प्रमिलाताईंची लाल गाडी त्या वारल्यावरही रोज संध्याकाळी धावायची. गाडीतली नवी चिप चालवणाऱ्याचा अंगठा शिकून घ्यायची आणि कंट्रोलर हातात घेणारं कोणी उरलं नाही, तरी गाडी तशीच पळवायची. ताईंनी वळणावर कधी कोणाला वाट दिली नव्हती, नवऱ्याला, मुकुंदरावांना, तर नाहीच. आताही ते रोज त्या गाडीशी हरत आणि समाधानाने घरी जात.

त्या दिवशी त्यांनी नवी निळी गाडी आणली. ट्रॅकमधून हुकूम सगळ्याच गाड्यांना जातात, पण गाडी फक्त आपल्या नंबरच्या कंट्रोलरचा हुकूम पाळते. म्हणून नंबर देताना बाकीच्या गाड्या उचलून ठेवायच्या, नाहीतर त्यांनाही तोच नंबर लागतो आणि चिपने शिकलेला जुना हात पुसला जातो. नवख्यांना त्यांनीच हे शंभरदा बजावलं होतं. पण उत्साहाच्या भरात त्यांनी नंबर द्यायचं बटण दाबलं, तेव्हा लाल गाडी ट्रॅकवरच होती.

कंट्रोलरवर अंगठा दाबताच दोन्ही गाड्या एकदम निघाल्या. वळणाशी त्यांनी अंगठा सैल केला, तशी लाल गाडीही निमूट मंदावली.

"काय हो मुकुंदराव," क्लबातले रहाळकर हसले, "वहिनी आज चक्क तुमचं ऐकतायत! काय जादू केलीत?"

मुकुंदरावांनी अंगठा पुन्हा दाबून सोडला. तिने पुन्हा ऐकलं.

"अगं, भांड की," ते पुटपुटले.

लाल गाडी त्यांच्या अंगठ्याची वाट पाहत उभी राहिली.