खमकी बटणं

जुन्या कॉम्प्युटरला जोडलेलं वायफायचं बोर्ड जळलं. धुराची बारीक रेघ वर गेली, तशी दादाने उठून खिडकी उघडली.

"बास कर आता. बाबांना सरळ नवा लॅपटॉप आणू. या खटाऱ्याला वायफाय लावायचं म्हणजे रेड्याचं दूध काढण्यातला प्रकार."

"नव्याची बटणं मऊ असतात," बहीण मान वर न करता म्हणाली. "बाबांचं बोट थरथरलं की एका अक्षराची पाच होतात. ही खमकी आहेत. नीट दाबल्याशिवाय दाद देत नाहीत."

बाबा खुर्चीतून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला होता. हातांना कंप, कागदावर लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागत नसे. पण मुलं लहान असताना घेतलेल्या, टीव्हीला जोडायच्या या कॉम्प्युटरवर बोटं अजून बिनचूक पडत. फक्त तिथं लिहिलेलं खोलीबाहेर जात नव्हतं.

बाबांचे जुने मित्र वकीलकाका रोज संध्याकाळी लांबून फोन करत. एकटेच बोलत, मग विचारत, "ऐकतोयस ना रे?" बाबा नखाने फोनवर टक् करत. काल काका म्हणाले, "तुला त्रास होत असेल तर उद्यापासून नाही करत फोन." बाबांनी जिवाच्या आकांताने टकटक केलं. ते हो की नाही, काकांना कळलंच नाही. "बरं, ठेवतो," म्हणाले.

म्हणून बहीण सकाळपासून मांडी ठोकून बसली होती. ती श्रवणयंत्रं दुरुस्त करायची. जळक्या बोर्डावर चरफडत न बसता तिने मीटर लावला. जुन्या कॉम्प्युटरमधून येणाऱ्या विजेचा जोर तिच्या अंदाजाहून बराच जास्त निघाला.

"म्हातारा अजून ढकलतोय की!" ती म्हणाली. तो जोर उतरवायला तिने मध्ये दोन बारीक भाग डाख देऊन बसवले आणि शिल्लक राहिलेलं एकुलतं बोर्ड जोडलं.

टीव्हीवर नुसती चिन्हांची खिचडी उसळली.

"बघ," दादा म्हणाला.

"अरे, लागलंय! बोर्ड भराभर बोलतंय, आणि ह्याला सावकाश ऐकायची सवय." तिने बोर्डाचा वेग कमी केला. अजून कमी केला. खिचडी थांबली. मग एकेक अक्षर करत घरच्या वायफायचं नाव पडद्यावर उमटलं.

दादाने खुर्ची पुढे ओढली. "लिही, पासवर्ड सांगतो."

बहीण उठली. बाबा तिच्या जागी बसले. जुन्या यंत्राला मराठी अक्षरं ठाऊक नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. खट्, खट्, खट्.

"फोन करणं बंद करू नकोस."

ओळ काकांच्या मोबाइलवर गेली. मग दादाच्या हातातला बाबांचा फोन वाजला. त्याने तो स्पीकरवर टाकला.

"अरे... तू? तू लिहिलंस?" काकांचा आवाज चिरकला. "अरे, मला वाटलं..."

बाबांनी हाताने खूण करून दादाला फोन कापायला लावला. बहिणीने घाबरून विचारलं, "बाबा, काय झालं?"

त्यांचं लक्ष नव्हतं. काकांना लिहायला दोन बोटांनी ते बटणं बडवत होते.

"आत्ता नको. मी बोलतोय."