जनरलचा कोट

पोट्सडामच्या गॉटहिल्फ शिंप्याने लष्करी अधिकारी फॉन ट्रोसिनचा बढतीचा प्रत्येक कोट शिवला होता. दर वेळी नव्याकोऱ्या कोटाला डाव्या छातीवर आपोआप भोक पडायचं, आधीपेक्षा मोठं. तो गुपचूप रफू करून वर पदक टाचायचा.

आज कैसरने ट्रोसिनला जनरल केलं होतं आणि रफूचा धागाच टिकेना.

जनरल आरशात खांद्यावरच्या सोनेरी झालरी न्याहाळत होता.

"काय मास्तर, एवढा वेळ? म्हातारे झालात!"

"पदक लावू द्या, साहेब."

"ते मागाहून. आधी पाठ बघा, गार वारा लागतोय तिथे."

गॉटहिल्फ मागे गेला. पाठीवरही मुठीएवढं भोक होतं. त्याने वाकून डोळा लावला.

आरपार, समोरच्या आरशात, त्याला स्वतःचाच डोळा दिसला.