साताऱ्याचं तिकीट

प्रवासाच्या तिकिटांचं आमचं नवं ॲप लोकांना कसं वाटतं ते पाहायला आम्ही काही माणसं ऑफिसात बोलावली होती. त्यांत गंगावणेकाका होते, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते एका खोलीत एकटे फोन घेऊन बसले होते. शेजारच्या खोलीत मी आणि माझे तीन सहकारी मोठ्या पडद्यावर त्यांचं बोट कुठे फिरतंय ते बघत होतो. ॲपची सगळी रचना माझी होती.

काकांनी साताऱ्याऐवजी सांगली दाबलं. चूक कळल्यावर ते मागे जायची खूण शोधू लागले आणि जाहिरातीतल्या बसवरच तीनदा टिचकी मारून बसले. आम्ही खो-खो हसलो. मीसुद्धा. दोन्ही खोल्यांना जोडणारा माइक चालूच राहिला होता.

काकांनी फोन टेबलावर उपडा ठेवला. "माझ्या गाडीत वाचता न येणारी माणसं रोज चढायची," ते शांतपणे म्हणाले. "कुणी चुकीच्या गाडीत बसलं, तर मी हाताला धरून बरोबर गाडीत बसवून द्यायचो. हसलो नाही कधी कुणाला."

मी उठून त्यांच्या खोलीत गेले. "काका, चुकलं माझं," एवढंच तोंडातून निघालं.

"असू दे, पोरी. मागं कसं जायचं तेवढं दाखव."

स्क्रीन सुटसुटीत दिसावी म्हणून ते बटण मीच काढून टाकलं होतं. हे सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना.