वीरगळाचा ठसा

हिंडलग्याच्या पलीकडं, आमच्या शेतालगतच्या तळ्याकाठी एक वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या कुणाच्या तरी आठवणीचा कोरीव दगड. आपल्या भागाचा जुना इतिहास लेकीच्या हाताला लागू दे, म्हणून भर दुपारी मी अक्षराला तिथं घेऊन गेलो.

"खालच्या चौकटीत वीर लढतोय," मी सांगितलं. "मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला धरून स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो देवापुढं बसतो."

"मला तर कायच दिसंना, आप्पा."

खरंच होतं. दगड झिजून पार गुळगुळीत झालेला. मी त्यावर कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. खालची चौकट उमटली. तिच्यात वीर नव्हताच. दोन वेण्या होत्या, रिबिनी होत्या, पाठीला दप्तर होतं.

अक्षरा हसली. "माझ्यागत हाय की!"

मी दगडावरून तळवा फिरवला. हाताला काहीच लागलं नाही. दुसरा कागद लावला. आता खालची चौकट रिकामी उमटली. ती पोरगी मधल्या चौकटीत होती, आणि दोन बायकांनी तिचे दंड धरले होते.

मी कागद फाडले. तळ्यातला चिखल उपसून दगडावर थापला. अक्षराचं मनगट घट्ट धरलं आणि तिला घराकडं ओढायला लागलो. "पुस्तकातलंच शिक, बाळा. पुस्तकातलंच बरं असतंय."

ती जागची हलेना. एवढीशी पोर, पण मला ओढवेना.

"आप्पा, हात सोडा की," ती हळूच म्हणाली. "माझ्यापायी त्या दोघी खोळंबल्यात."