साहेब घर बघायला आले

लढाईत पाय गमावलेल्या लालासाहेब आबांना वाढीव पेन्शन हवी होती. त्यांची परिस्थिती खरंच हलाखीची आहे का, ते बघायला साताऱ्याहून साहेब येणार, हे रहिमतपूरजवळच्या त्या गावात सकाळीच पसरलं.

"फौजीच्या घरी साहेबाला फुटक्या कपात च्या द्यायचा व्हय? गावाची इज्जत जाईल!" शेजारच्या सुलाबाईंनी फर्मान काढलं. बघता बघता आबांच्या पत्र्याच्या खोलीत खुर्च्या, सतरंजी, टेबलफॅन आणि चकचकीत भांडी येऊन बसली.

"अगं, साहेब माझी गरिबी बघाय येत्यात!" आबा कुबडी आपटून ओरडले. कुणी ऐकलं नाही.

साहेब आले, फॅनच्या वाऱ्यात बसले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पेन्शन गेलीच, म्हणून आबांनी मान खाली घातली.

पाणी पिऊन झाल्यावर साहेबांनी तांब्या फिरवून त्यावर कोरलेलं नाव वाचलं. "सौ. सुलाबाई धनाजी कदम." मग ताट उचललं. "चि. वीरधवलच्या लग्नात मामांकडून सप्रेम भेट." एकेक नाव निघेल तशी दारातली एकेक बाई तोंडाला पदर लावून मागे सरकत होती. शेवटी साहेबांनी खिळ्यावरचं मेडल हातात घेतलं आणि त्याच्या कडेवरचं नाव वाचलं.

 

साहेब आबांकडे वळून हसले. "आबा, पेन्शनची काळजी सोडा. अख्ख्या घरात तुमच्या नावाचं एवढंच हाय की!"